खाणीतल्या हिरव्या टिकल्या

सनीला या सगळ्यात मिळवायचं होतं ते एवढंच, की समाधानने त्याला चारचौघांत 'जावईबापू' म्हणावं. पोरगी राजी होती. भाग्यश्री आणि तो चाकणच्या एकाच कंपनीच्या बसने जायचे. ती क्वालिटीत, माल तपासायला; तो युटिलिटीत, पाणी-वीज सांभाळायला. बसमध्ये जे ठरायचं ते केव्हाच ठरलं होतं. अडलं होतं तिच्या थोरल्या भावापाशी. समाधानचं म्हणणं, थेरगावचा हा पोरगा माहीत नसलेलंसुद्धा माहीत असल्यासारखं बोलतो. माणसाची पारख वाईट नव्हती त्याची.

म्हणून सकाळी सकाळी समाधानचा फोन आला तेव्हा सनीला वाईट वाटलं, पण त्याच्याआधी बरं वाटलं.

"सनी, पाण्यावर हिरवं पसरलंय रे. मासे वर येऊन तोंडं उघडतायत. फोटो टाकलाय, बघ. काय हाय हे?"

कंपनीने कामावरून कमी केल्यावर समाधानने मोशीकडची एक बंद दगडखाण भाड्याने घेतली होती आणि तिच्यात रोहू, कटला सोडले होते. तेव्हा हातात आलेला सगळा पैसा त्या पाण्यात गेला होता. आता कुठे माल विकण्याजोगा झाला होता. हे मासे गेले तर परत सोडायला काही उरलं नव्हतं.

सनीने फोटो पाहिला. त्याचं काम कंपनीचं पाणी थंड करणाऱ्या कूलिंग टॉवरचं. तिथे पाण्यावर हिरवं म्हणजे एकच गोष्ट.

"शेवाळ आहे, दादा. आमच्या टॉवरला सारखं धरतं. औषध मारलं की साफ. घेऊन येतो."

"माशांना चालंल?"

"मोठे आहेत ना? मग."

त्या 'मग'च्या पुढे काय होतं, ते सनीलाही ठाऊक नव्हतं.

कंपनीच्या स्टोअरमधून न विचारता उचललेला औषधाचा निळा कॅन घेऊन तो पोचला, तेव्हा समाधान बादलीने पाणी उचलून परत पाण्यातच आपटत होता, तेवढीच हवा मिळेल म्हणून. त्याच्या तळहातांची सालं निघाली होती. त्याची आई, चिमाबाई, काठावर पदर तोंडाला लावून बसली होती. मधल्या कातळाने खाणीचे दोन खण झाले होते आणि दोन्हींवर हिरवी सतरंजी अंथरल्यासारखं दिसत होतं. तिच्यातून जागोजागी माशांची गोल तोंडं वर येत होती.

समाधान कॅन घेऊन, टायरच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून पाण्यात गेला. सनी काठावरून सांगत होता, "कडेने मारा, कडेने." अलीकडच्या खणात अर्धा कॅन गेला.

भाग्यश्री पलीकडच्या काठाला जुन्या मच्छरदाणीने थर ओढत होती. कोपरापर्यंत हात हिरवे झाले, झटकलं तरी ते हिरवं निघेना. तिने पर्समधून कंपनीतलं भिंग काढलं.

"सनी, इकडे ये."

"शेवाळच आहे गं."

"ये म्हणते ना."

भिंगाखाली तिळाएवढं पान होतं, टिकलीसारखं गुळगुळीत. नखाने उलटं केलं तर खालून केसासारखा पांढरा दोरा लोंबत होता. शेजारी तसंच दुसरं, पहिल्याला चिकटलेलं.

"मूळ आहे याला. शेवाळाला असतं का?"

सनीने चिमूटभर बोटांत चोळलं. टॉवरमधल्या शेवाळाचा चोळल्यावर चिकटा होतो. याचे दाणे दाणेच राहिले. तरंगती वनस्पती, पाण्याचं तोंड झाकून बसलेली. ओढून काढली की संपलं.

"आम्ही साधा नट उलटा करून बघतो," भाग्यश्री हळू आवाजात म्हणाली. "तू फोटोवर माल पास केलास?"

पाण्यातून समाधानने विचारलं, "उरलेलं पलीकडच्या खणात ओतू का?"

या वेळी सनीला 'माझं चुकलं' एवढंच बोलायचं होतं. तो दुसरंच बोलला. "राहू द्या, दादा. एवढं पुरे. आता वरचा थर ओढून काढू."

दुपारपर्यंत अलीकडच्या खणात पांढरी पोटं वर आली. समाधान छातीभर पाण्यात उभा राहून एकेक रोहू दोन्ही हातांत धरायचा, श्वास लागेल म्हणून पुढेमागे हलवायचा, ठेवायचा, दुसरा धरायचा.

"सोड, बाबा," चिमाबाई म्हणाली. "गेलेत ते."

"न्हाई, ह्यो हलला आत्ता."

तो हलला नव्हता.

पलीकडचे मासे जगले. संध्याकाळी शेजारचे चार जण जमले. त्यांच्यादेखत समाधान म्हणाला, "त्या हिरव्यानं खाल्लं मला. ह्यानं येळेवर हात घातला म्हणून अर्धे तरी राहिले. आये, जावईबापूंना चहा टाक."

सनीने भाग्यश्रीकडे पाहिलं. ती हाताला चिकटलेल्या टिकल्या नखाने खरवडत होती. त्याने चहा घेतला.

त्याला वाटलं, ती मागाहून सांगेल. ती सांगणार नव्हती. सांगितलं असतं तर दादाला कळलं असतं, की विष त्याच्याच हाताने पडलं. आठवड्याने तिने घरी एवढंच सांगितलं, की हे लग्न होणार नाही. कारण विचारलं तर गप्प.

"ज्यानं वाचवलं त्याचं उपकार असं फेडतीस व्हय?" समाधान म्हणाला, आणि त्या दिवसापासून तो बहिणीशी कामापुरतं बोलतो.

सनीच्या पदरात एक शब्द पडला, एका संध्याकाळपुरता, चहाही मिळाला. समाधानचे अर्धे मासे गेले, आणि तो अजून त्या टिकल्यांनाच शिव्या देतो. भाग्यश्रीचा होणारा नवरा सुटला, वर भाऊही दुरावला. आणि खरं काय ते भिंगातून पाहिलं होतं तिनेच.