गोठ्यातला आवाज

शहादेवनं लाकूड कोरायच्या मशीनची आडवी कमान दोन्ही हातांनी धरून ठेवली आणि चैतालीनं टेप या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात लावला. मग उरलेल्या दोन कोपऱ्यांत लावला. तिनं ओठ दुमडले.

"अजून फरक येतोय, अण्णा. डावी बाजू केसभर पुढं ढकला."

"केसभर म्हंजी किती?"

"नखाच्या जाडीइतकी."

त्यानं ढकलली. एसटीच्या वर्कशॉपात सारी उमर इंजिनं उतरवण्यात गेलेली, त्यामुळं हात जड होते, पण दम धरून काम करायचे. चैतालीनं पुन्हा मोजलं, नट आवळले आणि सरळ झाली.

"आता येईल गोल."

कमान काटकोनात नसली की हे मशीन गोलाचं अंडं करतं, हे आता शहादेवलाही ठाऊक झालं होतं. पहिल्या दिवशी तसंच झालं होतं. कापलेली चकती हातात घेऊन चैताली खुदकन हसली होती, आणि स्वयंपाकघरात भाजी निवडणाऱ्या तिच्या आईचा, मुक्ताबाईचा, हात जागच्या जागी थांबला होता. त्या घरात किती दिवसांनी कुणी हसलं होतं.

चैताली पुण्याला एका कारखान्यात डिझाइनचं काम करायची. हौसेनं हे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन तिथंच घेतलेलं, पण खोकी फोडलीच नव्हती. मागच्या उन्हाळ्यात तिच्या खोलीवरच्या मैत्रिणीचा फोन आला, "काका, ही उठत नाही. जेवत नाही. तुम्ही या." शहादेव गेला आणि लेकीला न् खोक्यांना घेऊन गावी, नेकनूरला परतला. त्यानंतर ती आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. बीडच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या. येणारेजाणारे "पोरीला काय झालं?" म्हणून विचारायचे, आणि मुक्ताबाई "अशक्तपणा हाय," म्हणायची. दिवाळी झाली, ऊसतोडीच्या टोळ्या गेल्या, गल्लीतल्या निम्म्या घरांना कुलपं लागली. अशाच एका सकाळी चैतालीनं उठून विचारलं, "अण्णा, माझी खोकी कुठं ठेवली?"

मशीन पुढच्या खोलीत उभं राहिलं. आधी दारावरच्या नावाच्या पाट्या झाल्या, मग विहारासाठी पिंपळपानाची नक्षी असलेली एक चौकट झाली. काम संपलं की चैताली ब्रशनं रुळांवरचा भुसा झाडायची, तेलाचा थेंब सोडायची, एकेक स्क्रू हातानं चाचपायची. जेवायला हाक मारली तर "आले" म्हणायची आणि खरंच यायची.

पण लाकडाचा भुगा दाबून बनवलेल्या त्या फळ्यांचा भुसा पिठासारखा बारीक. नळी लावून ओढला तरी उरायचाच. भांड्यांवर बसायचा, पाण्यावर तरंगायचा. मुक्ताबाईनं तरुणपणी बीडच्या जिनिंगमध्ये सरकी-कापसाच्या धुरळ्यात काम केलेलं, छाती तेव्हाच गेलेली. मशीन सुरू झालं की ती पदर तोंडाला लावायची आणि "भामाबाईकडं जाऊन येते गं," म्हणत बाहेर पडायची. त्या शेजारणीच्या ओट्यावर बसून मग ती मनसोक्त खोकायची.

शहादेवनं एकदा तिथंच तिला गाठलं.

"मुक्ता, हे बरं न्हाई. सांगू का पोरीला?"

"माझी आण हाय तुमाला." तिला धाप लागली होती. ती थोडं थांबून म्हणाली, "उठून बसलंय लेकरू. मी काय, खोकतच आले हाय आजवर."

त्यानं चैतालीला सांगितलं नाही. ते न सांगणं त्याला पुढं कितीतरी दिवस टोचत राहिलं.

शेवटी भामाबाईच बोलली. तिच्या पोटात काही राहत नसे. हळद मागायला आली आणि दारातच म्हणाली, "चैताली, तुज्या मायला काल माज्या ओट्यावर पाणी पाजून बसवलं. ओठ निळे पडलेते. तुला कावून दिसत न्हाई गं?"

चैतालीनं तिच्याकडं पाहिलं. मग हात लांबवून मशीन बंद केलं.

संध्याकाळी ती आईला म्हणाली, "मोटर जळाली. आता काही होत न्हाई तिचं."

शहादेवनं मशीनच्या मोटरवर हात ठेवून पाहिला. जळक्याचा वास नव्हता, काळं पडलेलं नव्हतं. प्लग तेवढा काढून ठेवलेला होता. दुसऱ्या दिवशी चैताली आतल्या खोलीत जाऊन पडली, तिसऱ्या दिवशीही उठली नाही. ताट झाकलेलं तसंच राहू लागलं.

मग मुक्ताबाई आत गेली आणि तिच्या उशाशी बसली. शहादेव उंबऱ्यापाशीच थांबला.

"मोटर जळाली न्हाई," मुक्ताबाई म्हणाली. "भामीनं तोंड घातलं ते कळलंय मला."

चैताली भिंतीकडंच पाहत होती. "तुझा जीव घेऊन मला पाट्या करायच्या न्हाईत."

"माझं ऐकून तर घे. तू अशी पडून ऱ्हायचीस ना, तवा मी रोज या दाराशी बसायची. तुझा श्वास चालू हाय का ते ऐकायची. कधी ऐकू यायचा न्हाई, मग आत येऊन वाकून बघायची." तिला खोकल्याची उबळ आली, ती तिनं पदरात दाबली. "मशीन चालू असली की कान लावावा लागत न्हाई. भामीच्या ओट्यावर बसूनबी कळतं, पोरगी उभी हाय."

मग शहादेवच उंबऱ्यावरून म्हणाला, "केजला स्टँडमागं माझ्या सोबत्याचा गाळा रिकामा हाय. तिथं लावू मशीन. धुरळ्याचा त्रास नगं."

"केजचा आवाज इथवर येतो का?" मुक्ताबाईनं विचारलं.

शहादेव चपला घालून भामाबाईकडं गेला.

भामाबाईच्या परसात म्हशीचा पत्र्याचा गोठा रिकामा पडलेला होता. धुरळा घरापर्यंत येणार नाही इतका लांब, आणि आवाज पोचेल इतका जवळ. शहादेवनं गव्हाण फोडली, कोबा केला, वायर ओढली. चैतालीनं मशीन पुन्हा सुटं करून जोडलं, पुन्हा कोपऱ्यातून कोपऱ्यात टेप लावला. पहिल्या दिवशी मशीन सुरू झालं तेव्हा मुक्ताबाई अंगणात बाजेवर बसली होती. तिनं मान थोडी कलती केली आणि पदर तोंडावरून खाली घेतला. हळूहळू तिचा खोकला कमी झाला, जेवण वाढलं. बरं चाललंय, असं शहादेवला वाटू लागलं.

एका दुपारी तो बाजार करून परतला. मुक्ताबाई अंगणात तूर पाखडत होती.

"आज लई काम दिसतंय पोरीला," ती समाधानानं म्हणाली. "सकाळपासनं थांबलीच न्हाई."

शहादेवनं पिशवी खाली ठेवली आणि ऐकलं. मशीन लाकडात शिरलं की गुरगुरायचं, वळणावर आवाज जड व्हायचा. आता मात्र एकसारखी पातळ शीळ येत होती.

"बघून येतो," तो म्हणाला.

"चहाला बोलवा तिला."

गोठ्याचं दार नुसतं लोटलेलं होतं. मशीनची कमान पुढंमागं सरकत होती, गिरमिटासारखं बिट गरगरत अक्षराचं वळण घेत होतं, पण खाली फळीच नव्हती. हवेतच नाव कोरलं जात होतं, भुशाचा कण उडत नव्हता. चैताली भिंतीकडेच्या पोत्यांवर पडली होती. डोळे उघडे, पायांत चपला तशाच.

शहादेव मशीनकडं वळला.

"बंद करू नका," ती म्हणाली. "आई ऐकती."

त्यानं हात मागं घेतला. "गोळी घेतली का?"

"घेतली." मग थोड्या वेळानं, "आज जमलं न्हाई, अण्णा. फळी बांधायला गेले, अन् हातच उचलला न्हाई. सकाळपासनं नुसतं बटन दाबत राहिले."

तो तिच्या पायाशी बसला, तिच्या चपला काढून बाजूला ठेवल्या. तिच्या तळव्यांवर हात ठेवला तर ते भर दुपारी गार होते. तो हात तसाच ठेवून बसून राहिला.

नाव कोरून संपलं. कमान आपल्या कोपऱ्यात जाऊन थांबली, मोटर घरघरत बंद झाली. एकदम सामसूम झाली. घराकडून तूर पाखडल्याचा आवाज ऐकू येत होता, तोही मध्येच थांबला.

चैतालीनं डोळे मिटून घेतले.

शहादेव गुडघ्यावर हात टेकून उठला. मशीनसमोर उभा राहिला.

"कंचं बटन?"

तिनं पडल्यापडल्याच बोट उचललं. "हिरवं."

त्यानं ते दाबलं. कमान हलली, शीळ चढत गेली आणि पत्र्यावर घुमू लागली. तो परत येऊन तिच्याजवळ बसला.