काळ्या बोटांचा वर्ग

“बोट!” दिगंबर गुरुजी म्हणाले आणि पहिलीच्या वर्गात एकतीस काळीकुट्ट बोटं वर झाली. बत्तिसावं स्वच्छ होतं.

“मनकर्णा, आजही दात नाही घासले?”

“घासले ना गुरुजी. बाभळीच्या काडीनं.”

“सोमवारी मंजनाची पुडी दिली होती ना? नियम म्हणजे नियम. दाराशी उभी राहा.”

मनकर्णा दाराशी गेली. तिला आता वेगळं सांगावं लागत नसे, पण सांगितल्याशिवाय गुरुजींना चैन पडत नसे.

कोळसा, मीठ आणि तुरटी कुटून गुरुजी स्वतः मंजन करीत. घासणाऱ्याचं बोट दुपारपर्यंत काळं राही. बत्तीस तोंडांत डोकावायचं तर अख्खा तास जातो, वर कांद्याचा वास. बोटं दोन मिनिटांत उरकतात. तापी आपणच खणली असावी, इतका त्यांना या शोधाचा अभिमान होता.

बायको, शोभा, जाऊन सात वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. एकटा माणूस सकाळी चूळ भरतो तेव्हा चुळीचा आवाज खोलीभर होतो आणि ‘हळू’ म्हणायला कुणी नसतं. म्हणून त्यांनी प्रार्थनेआधी शाळेत दातांचा अर्धा तास सुरू केला होता. बोटं पाहून झाली की पोरं त्यांच्या गुडघ्यांभोवती दाटीवाटीनं बसत आणि ते दाढ आणि सुळ्याच्या भांडणाची गोष्ट सांगत. दाढ रुसली की पोरं हसून लोळत. एका रविवारी गुरुजींनी ती गोष्ट घरी भिंतीला सांगून पाहिली. भिंतीला दाढेचं काही वाटलं नाही.

मग नवं राज्य झालं. विदर्भ तिकडे मुंबई राज्यात गेला, बऱ्हाणपूर इकडे मध्य प्रदेशात राहिलं आणि शाळेला नवं वेळापत्रक आलं. त्यात दातांना जागा नव्हती. गुरुजींनी तीन अर्ज केले; पहिला मराठीत, पुढचे दोन त्यांना हिंदी वाटणाऱ्या भाषेत. तिसऱ्यावर खंडव्याहून इन्स्पेक्टरच आले. उपयोग दिसला तर अर्धा तास ठेवू, नाही तर बंद, असं त्यांनी दारातच सांगितलं. आदल्या रात्री गुरुजींना झोप लागली नव्हती, हे साहेबांना कुणी सांगितलं नाही.

“बच्चो, दाँत दिखाओ,” साहेब म्हणाले.

एकतीस बोटं वर झाली.

साहेबांनी बोटांकडे पाहिलं, गुरुजींकडे पाहिलं, परत बोटांकडे पाहिलं. नोकरीत त्यांनी बरंच पाहिलं होतं. दात या जागी प्रथमच पाहत होते.

“मुँह खोलो.”

तोंडं उघडली. आत गूळ होता, केळं होतं, एका ठिकाणी कालची मेथी होती.

“सायेब,” पहिल्या रांगेतल्या गोटूनं मोठ्या मनानं समजावलं, “पुडीत बोट बुडवाचं, बस! दात नाई घासा लागत.”

“और बाकी मंजन?”

“माय त्यानं पितळेचे भांडे घासते. एकदम चकाचक! आमच्या गल्लीत सारेच घासतात.”

गुरुजी खिडकीबाहेर पाहू लागले. साहेब दाराशी गेले.

“तुम यहाँ क्यों खड़ी हो, बेटी?”

“बोट काळं नाई म्हनून.”

तिनं तोंड उघडलं. साहेब वाकून बराच वेळ पाहत राहिले. मग रागावले नाहीत, तेच वाईट झालं. हळूच म्हणाले, “गुरुजी, एक बच्ची के दाँत साफ़ हैं. और वही सज़ा में है.”

दुसऱ्या दिवशी गुरुजी सवयीनं अर्धा तास आधी आले. अंगणात कुणी नव्हतं. पोरांना ‘घंटेला या’ असं सांगितलं होतं आणि असले हुकूम पोरं लगेच पाळतात. घंटा झाली. मनकर्णा आली आणि दाराशी उभी राहिली.

“आत बस, बाळ.”

“इथंच बरं हाय, गुरुजी.”

रविवारी ते केळीच्या बागांमधून विचारत विचारत तिच्या घरी पोचले. तिची आई, मथुराबाई, अंगण सारवत होती. तिनं घाईनं डोक्यावरून पदर घेतला.

“या मायवं, गुरुजी! पोरीनं काय केलं?”

“तिनं काही नाही केलं. मी केलं.” पुढचं वाक्य वाटेत तयार होतं, पण ऐन वेळी सापडेना. “मला काडीनं दात घासायला शिकायचंय.”

“येवढे शिकेल तुम्ही, अन् काडी नाई येत?” मथुराबाई हसली. मनकर्णा हसली नाही. तिनं बाभळीची काडी तोडली, काटे काढले, गुरुजींच्या हातात दिली आणि दोन हात लांब बसली.

“पयले चावा. कुंचा होऊ द्या.”

गुरुजींनी चावलं.

“असं नाई. रक्त येईन. हळू.”

सात वर्षांत हा शब्द त्यांना कुणी म्हटला नव्हता. ते हळू घासू लागले.

“मांगच्या दाढा राह्यल्या,” ती म्हणाली आणि नीट दिसावं म्हणून जरा जवळ सरकली.

चुलीपासून मथुराबाईनं विचारलं, “चहा टाकू का, गुरुजी? का घरी कोनी वाट पाहू राह्यलं?”

तोंडात काडी असल्यानं गुरुजींना बोलता येत नव्हतं. काडी काढणं काही अवघड नव्हतं. ते मागच्या दाढा घासत राहिले.