माझ्यात नसलेली गोष्ट

मी एक कादंबरी बोलतेय. नाव ‘सात कुलपांची राणी’. पुठ्ठ्यावर निळा दिवा धरलेली बाई, आत जादू, भुयारं आणि कटकारस्थानं. सोलापूरच्या छापखान्यात मला बांधणारा माणूस म्हणाला होता, "ही वाचून बायांची झोप उडंल." झोप उडाली खरी, पण ती माझी.

एकोणीसशे त्रेचाळीस साली नळदुर्गचा दुकानदार पंचाक्षरी माल न्यायला आला आणि त्यानं मला बायकोसाठी घेतलं. हद्दीवरच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावर निजामाच्या शिपायानं मला झाडून पाहिलं, पुठ्ठ्यावरच्या बाईला बघून हसला आणि मिरच्यांच्या पोत्यावर भिरकावलं. "माझी नीलम्मा शिकलेली हाय," असं पंचाक्षरीनं गाडीवानाला वाटेत तीनदा तरी सांगितलं असेल. त्याला स्वतःला सहीपुरतं कन्नड यायचं.

नीलम्मा आळंदकडची, विशीतली. मला हातात घेताच तिचा चेहरा उतरला. मला वाटलं, चित्रातल्या चेटकिणीला भ्याली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या पिंजाऱ्याची बायको शरिफाबी आली, समोरची अयोध्या आली. "वाच की गं, काय आणलंय बघू." नीलम्मानं मला उघडलं, घसा खाकरला आणि सुरुवात केली.

मी हबकलेच. ती बोलत होती त्यातला एक शब्दही माझ्यात नव्हता!

माझ्यात राणी म्हणजे दुष्ट मायाविनी, राजानं सात कुलपांआड कोंडलेली. नीलम्माच्या तोंडची राणी मात्र राजा आत येऊ नये म्हणून स्वतःच आतून सात कुलपं घालून बसली होती. बाहेर तिची धाकटी बहीण टाहो फोडत होती. कुलपांना किल्ल्या नव्हत्या. राणीनं मनातलं एक गुपित मोठ्यानं बोलावं, तेव्हा एक कुलूप गळून पडायचं. नीलम्मा ओळींवरून नजर फिरवी, बोट ओलं करून पान उलटी. कधी एका पानावर अख्खी दुपार, कधी चार पानं एकदम. बाईला अक्षर ओळखू येत नव्हतं!

मला असा संताप आला की शिवण उसवते की काय. पण तिसरं कुलूप गळालं त्या दिवशी शरिफाबीनं छातीवर हात ठेवला, "या अल्ला! आता गं?" आणि माझ्या ध्यानात आलं, पुढचं ऐकायला मीही अधीर झालेय.

पुढं गावात नवे मास्तर आले, नारायणराव. त्यांची बायको लीला सोलापुरात पाच इयत्ता शिकलेली. तीही रोज दुपारी येऊन बसू लागली. चौथं कुलूप गळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी नीलम्माचा घसा बसला होता आणि नेमका पंचाक्षरी दुकान बंद करून ओट्यावर टेकला होता.

"मास्तरीणबाई, आज तुमी वाचा," तो म्हणाला. "हिला बोलवंना."

लीलानं खुणेच्या चिंधीपाशी मला उघडलं. तिचे डोळे माझ्या ओळींवर फिरले आणि थांबले. तिथं राजा तलवार उपसून भुयारात उतरत होता. नीलम्माचा हात निवडायच्या डाळीत तसाच राहिला. आता बिंग फुटणार!

लीला वाचू लागली, "मग राणीनं पाचव्या कुलपावर हात ठेवला आणि म्हणाली…"

हे माझ्यात नाही! मी किंचाळणार होते. ती शिकलेली बाई, माझ्यावर डोळे लावून, धडधडीत खोटं वाचत होती.

सगळे गेल्यावर लीला हळूच म्हणाली, "नीलम्माक्का, कधीपासून चाललंय हे?"

नीलम्मा रडायलाच लागली. "सोयरिकीत माझ्या अप्पांनी सांगितलं, पोरगी शिकलेली हाय. म्या काय बोलणार? यांना कळलं तर अप्पांची मान खाली जाईल."

लीलानं परातीत पीठ पसरलं आणि बोटानं ‘न’ काढला.

चार महिन्यांनी नीलम्मानं मला एकटीनं वाचलं, एकेक अक्षर चघळत. शेवटच्या पानावर राजा राणीचे केस कापतो, तिची जादू संपते आणि ती त्याचे पाय धुते. नीलम्मा मलाच म्हणाली, "हे होतं व्हय तुझ्यात?" मला तोंड लपवायला जागा नव्हती.

त्याच दुपारी पंचाक्षरीसकट सगळे जमले असताना तिनं पहिलं पान काढलं आणि छापलेलं वाचायला घेतलं. "पू… पूर्वी… ए… एका…"

"आज अशी अडखळत का वाचायलीस?" पंचाक्षरीनं विचारलं.

"आज वाचायले म्हणून."

पंचाक्षरीचा चेहरा पांढराफटक पडला. "मग इतके दिस?"

"मला येत नव्हतं. अप्पा खोटं बोलले, म्याबी बोलले. ते सगळं माझ्या मनातलं होतं."

तो उठला आणि दुकानात गेला. दोन दिवस घरात जेवला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ओट्यावर येऊन बसला, कुणाकडं न बघता म्हणाला, "तुझ्या बापाशी मी बोलणार न्हाय. पण सहाव्या कुलपाचं काय झालं, ते सांग."

नीलम्मानं मला हातात घेतलंच नाही. रिकाम्या हातांनी सांगितलं. सहावं कुलूप गळालं तेव्हा अयोध्या ओक्साबोक्शी रडली.

त्याच आठवड्यात मास्तरांची बदली तेरखेड्याला झाली. निघताना नीलम्मानं मला लीलाच्या हातात ठेवलं. "अक्षरं शिकवायला लागंल कुणाला तरी. मला आता हिची गरज न्हाय." इतकं सरळ बोलणं मला आजवर कुणी ऐकवलं नव्हतं.

आता निजामाचं राज्यही सरलंय. लीला मला समोर ठेवून इथल्या बायांना शिकवते. त्या शेवटच्या पानाशी आल्या की मला मिटून ठेवतात. मग लीला त्यांना सहा कुलपांची गोष्ट सांगते आणि तिथंच थांबते, पुढचं तिलाही ठाऊक नाही.

म्हणून तुम्हाला विनवते. नळदुर्गाकडं जाणं झालं तर पंचाक्षरीच्या दुकानामागचं घर विचारा. राणीनं सातव्या कुलपापाशी काय सांगितलं आणि बहीण आत आली का, तेवढं मला येऊन सांगा.