कामुगिशाची माती

बेटावर उतरताना ब्येराने चपला काढून हातात घेतल्या. जिथे नाळ पुरली तिथे तिकीट काढून यायचं, ह्याचा तिला संताप होता. पण आज भांडायची सोय नव्हती. पलीकडच्या किनाऱ्यावर आईने अन्न सोडलं होतं आणि एकच हट्ट धरला होता: कामुगिशाच्या थडग्यावरची माती आणा, माझ्या उशाशी ठेवा, मग मी सुखाने डोळे मिटते. कामुगिशा तिचं शेंडेफळ, दात यायच्या आतच गेलेलं. त्याच साली अभयारण्य करून बेट जनावरांना दिलं गेलं आणि माणसांना पलीकडे हलवलं.

सोबत थोरला भाऊ कटुंझी होता आणि बंदूकवाला पहारेकरी मशाका. इथून पानसुद्धा न्यायचं नाही, असं मशाकाने होडीतच बजावलं होतं. झाडीत चिंपांझी ओरडले तेव्हा कटुंझी म्हणाला, "ह्यांना साता समुद्रांपलीकडून बोलावून आणलं, आपल्याला हाकललं. पाहुण्यांचा थाट बघ." मशाका हसला नाही आणि रागावलाही नाही.

थडगं केळीच्या बागेत होतं. त्याची खूण म्हणजे उशाशी रोवलेली लांब पानांच्या झाडाची फांदी. ही फांदी कुठेही खोचा, जगते. मेलेल्याची खूण मरू नये म्हणून ब्येराचे झिंझा लोक तीच लावतात, आणि शेजाऱ्याने बांध कोरू नये म्हणून बांधावरही तीच. घर होतं तोवर थडग्याचं झाड कोणतं आणि बांधाचं कोणतं, हे शेंबडं पोरही सांगायचं. आता घर नव्हतं, केळी हत्तींनी मुळासकट खाल्ल्या होत्या. उरली होती ती नुसती ही झाडं, माणसाच्या दुप्पट उंच, जिकडे बघावं तिकडे.

"दारातून मावळतीला होतं," कटुंझी म्हणाला.

"पण दादा, दार कुठे होतं?"

तो खाली बसला आणि आवाज न करता रडू लागला. ब्येराला त्याची कीव आली आणि रागही आला.

मशाका बराच वेळ बघत होता. मग पाणघोड्याचे ठसे पाहून येतो म्हणाला आणि पाठ फिरवून गेला. ब्येराने कमरेचं फडकं सोडलं. प्रत्येक झाडाखालची मूठमूठ माती ती त्यात घालत गेली. ह्यांतल्या एकाखाली तो असणारच, एवढंच तिला कळत होतं.

संध्याकाळी तिने गाठोडं आईच्या उशाशी ठेवलं. आईला आता दिसत नव्हतं.

"सापडला?"

"सापडला, आई. झाड आहे तसंच आहे."

आईचा हात गाठोड्यावरून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला. तिने ते उचलायला बघितलं, पण तिच्याने उचललं गेलं नाही.

"एवढी कशाला गं आणलीस?" ती म्हणाली. "तो तर एवढासा होता."

मग तिने गाठोड्यावरचा हात काढून घेतला.