सदतीस नंबर कोणाचा

नावं झाकून निवड करायची हा नियम दामिनीनंच आणला होता, आणि तो मोडलाही तिनंच. मोडला तोही अशा सोज्वळपणे की तिचं तिलाच बरेच दिवस कळलं नाही.

नागपुरात वेबसाइट बनवणाऱ्यांचं एक संमेलन दर डिसेंबरात भरायचं. कंपनीचं नाही, सरकारचं नाही. दिवसभर नोकऱ्या करणारी पाचसहा मंडळी हौसेनं ते भरवायची. एका इंजिनिअरिंग कॉलेजचा हॉल मिळायचा, तीनशे खुर्च्या भरायच्या आणि आठ जण बोलायचे. हे आठ कोण, यावर मात्र दरवर्षी कुरबुर. अमोलचे दोस्तच तेवढे बोलतात, असं लोक उघड म्हणायचे. अमोल म्हणजे या मंडळींचा म्होरक्या, बेसा भागात राहणारा, माणूस भला, पण ओळखीच्याला नाही म्हणताना त्याची जीभ जड व्हायची.

दामिनी मनीषनगरची. चार वर्षांपूर्वी ती इथं पाहुण्यांच्या गळ्यात बिल्ले अडकवायला म्हणून आली आणि राहिली. यंदा तिनं या कुरबुरीवर तोडगा काढला. ज्याला बोलायचंय त्यानं आपला विषय पानभर लिहून पाठवावा. मंडळींपैकी श्वेतानं मजकूर न वाचता प्रत्येक पानाला नंबर द्यावा आणि नाव, गाव, कंपनी सगळं खोडावं. कोणता नंबर कोणाचा ही यादी एकाच फाइलीत, ती फाइल दामिनीच्या लॅपटॉपवर, आणि निवड होईपर्यंत ती कोणी उघडायची नाही. चोरून बघायचा मोहच नको म्हणून मूळ अर्जसुद्धा पुसून टाकले. बंदोबस्त असा चोख झाला की सगळे आपापल्या प्रामाणिकपणावर खूश होते. अमोलनं तर त्याच भरात जाहीर करून टाकलं की पुढच्या वर्षीचं संमेलन दामिनीच्या हाती द्यायचं आणि हे तो समारोपाला मंचावरून सांगणार. दामिनीनं वरवर आढेवेढे घेतले, पण आतून तिला ते फार हवं होतं.

बावन्न पानं आली. एकावन्न पानं एकमेकांची जुळी भावंडं. हे नवं आलंय, ते जुनं झालंय, हे वापरलं की साइट पळते. सदतीस नंबर तेवढा वेगळा होता. विषय होता ‘एकच बटण’. लिहिणारा माणूस कुठल्याशा औद्योगिक वसाहतीत कामगारांना डबे पुरवत होता. उद्या कोणाला डबा हवा हे कळावं म्हणून त्यानं स्वतः एक पान बनवलं. आधी त्यात नाव, मोबाइल, भाजी, पोळ्या किती, असं सगळं विचारलं होतं. लोक भरायचेच नाहीत. मग हा माणूस गेटवर उभा राहून बघू लागला की लोकांचा अंगठा कुठं अडतो. जिथं अडला ते काढून टाकलं. असं करत तीन वर्षांत पानावर एकच बटण उरलं, ‘उद्या नको’. ज्यानं दाबलं नाही त्याला डबा मिळणार. बस.

दामिनीनं ते पान तीनदा वाचलं. ती ज्या कंपनीत होती तिथं एका बटणाच्या रंगावर आठ माणसं आठवडाभर बैठका घ्यायची. आणि हा कोण जो गेटवर उभा राहून अंगठे बघतो? बंगळुरूचा कोणी बडा माणूस मुद्दाम साधं लिहून मजा घेतोय का? की एखाद्या विद्यार्थ्याच्या डोक्यातली कल्पना? तिला रात्रंदिवस तेच सुचू लागलं.

निवडीच्या दोन दिवस आधी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत तिचे हात शिवशिवले. नियम तिनंच केलेला, त्यामुळे पळवाटही तिलाच सापडली. आपण फक्त नावं बघू, कोणाचा नंबर कोणता ते बघायचंच नाही. म्हणजे कसं, तर फाइल उघडायची आणि डोळे अर्धवट मिटून नाव आणि ईमेल हे दोनच रकाने अक्षरांच्या क्रमानं लावून टाकायचे, नंबरांचा रकाना जागेवर ठेवून. मग कोणापुढं कोणता नंबर आला तरी तो खोटाच असणार. चोरी करायची ती इतकी व्यवस्थित. कॉम्प्युटरनं विचारलं, बाजूचा रकाना सोबत हलवायचा का? तिनं ‘नको’ दाबलं. बावन्न नावं वाचली, आणि सेव्ह न करता बंद करणार तेवढ्यात साहेबांनी हाक मारली. दहा वर्षांच्या सवयीनं बोटांनी आधी सेव्ह केलं आणि मगच फाइल मिटली. तिच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

निवडीच्या बैठकीत ती सदतीस नंबरसाठी भांडली. श्वेता म्हणाली, हे बनावट वाटतं. अमोल म्हणाला, एका बटणावर अर्धा तास काय बोलणार? दामिनी हटून बसली आणि शेवटी आठांत पहिली निवड सदतीसची झाली. फाइल उघडली. सदतीसपुढं होता विक्की, अमोलच्याच गल्लीतला. दामिनीला थोडं चुकल्यासारखं वाटलं, पण आनंदाच्या भरात तिनं ते झटकून टाकलं. आठ जणांना होकार गेले, बाकीच्यांना नकार.

तीन दिवसांनी विक्कीनं आपल्या भाषणाचा आराखडा पाठवला. विषय होता पासवर्डची सुरक्षा. डब्याचं नाव नाही, बटणाचं नाही. दुसऱ्या दिवशी आणखी दोघांचं तेच. दामिनीनं फाइल उघडली आणि एक ते बावन्न या नंबरांपुढं नावं अगदी हजेरीपटासारखी अक्षरवार ओळीनं उभी दिसली. अर्ज काही कोणी अक्षरवार पाठवत नाही. काय झालं ते तिला त्या क्षणी पूर्ण समजलं, आणि पुढच्याच क्षणी तिनं मंडळींच्या ग्रुपवर लिहिलं की फाइल बिघडलीय, नावं वरखाली झालीत.

कोणी शंका घेतली नाही. या धंद्यात फाइली बिघडतातच. उलट अमोलनंच तिची समजूत काढली. सगळ्या बावन्न जणांना पत्र गेलं की तांत्रिक अडचणीमुळे घोळ झालाय, तुमचा विषय कोणता होता ते कृपया कळवा. चार दिवसांत एकावन्न जणांनी कळवलं. विक्कीनं आधीच नातेवाइकांना सांगून ठेवलं होतं, त्याची समजूत अमोलनं घातली. एकावन्न विषयांत सदतीस नंबर नव्हता. एकच माणूस उरला. नाव होतं शामला. ईमेलच्या पत्त्यात डबा होता आणि कळमेश्वर होतं. हे नाव तिनं त्या दुपारी वाचलं होतं. वाचून ती हसली होती.

श्वेतानं संमेलनाची ईमेलची टपालपेटी उपसली. नकार गेलेल्यांची उत्तरं तिथं कोणी न वाचता पडली होती. त्यात एक पत्र होतं, दोनच ओळींचं, खाली फोन नंबर. ‘माझ्या पानात काय जास्त झालं ते कळवाल का? मी कमी करीन.’ उत्तर कोणी दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दामिनी कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीकडं जाणाऱ्या बसमध्ये बसली. फोनवर शामलाताई एवढंच म्हणाल्या होत्या, साडेअकराला दोन नंबरच्या गेटवर या.

गेटवर एक छोटा टेम्पो उभा होता. शामलाताई पन्नाशीच्या, साडीवर स्वेटर, पायात बूट. मुलीच्या कॉम्प्युटर डिप्लोमाची पुस्तकं घरी पडून होती, त्यावरून शिकले, असं त्यांनी आपणहून सांगून टाकलं, जणू हा प्रश्न त्यांना पुष्कळदा विचारला गेला होता. डबे देताना त्या माणसांच्या तोंडाकडं बघतच नव्हत्या, हातांकडं बघत होत्या. एक जण हातमोजा न काढताच फोनवर अंगठा आपटत होता. शामलाताईंनी स्वेटरच्या खिशातून वही काढून काहीतरी टिपलं. दामिनीला विचारावंसं वाटलं की काय टिपलं, पण आधी आपलं काम उरकायचं म्हणून तिनं पाठ करून आणलेलं वाक्य म्हटलं.

“ताई, तुमचा विषय आम्ही पहिल्या नंबरनं निवडला होता. तांत्रिक अडचणीमुळे तुम्हाले चुकीचं पत्र गेलं.”

“कोणती अडचण?”

“यादीतली नावं वरखाली झाली.”

“आपोआप होत नाही वं ते,” शामलाताई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, खरंच जाणून घ्यायचं होतं. “माह्याजवळ बी गिऱ्हाइकांची यादी हाय. नुसती नावं हलवाची म्हटली तर ते मशीन विचारते, बाजूचा रकाना संग घेऊ का म्हणून. तुले नाही विचारलं?”

दामिनी खाली बघू लागली. टेम्पोमागं रिकाम्या डब्यांचा ढीग लागत होता. एकावन्न माणसं, अमोल, श्वेता, कोणालाच हा प्रश्न सुचला नव्हता.

“विचारलं,” ती म्हणाली.

“मंग तू काय दाबलं?”

मग सगळंच बाहेर आलं. कोणती दुपार, कोणते रकाने, साहेबांची हाक. एक गोष्ट सांगून झाली की शामलाताई पुढची विचारायच्या. काहून पाहून राहिली होतीस? किती वेळ? सेव्ह करताना मनात काय होतं? डबा का नको होता हे विचारावं तशा विचारत होत्या.

“माह्यं नाव दिसलं होतं?”

“दिसलं.”

“मंग?”

इथं वेळ मारून नेता आली असती. पण इतका वेळ खरं बोलल्यावर दामिनीला खोटं जमेना. “मी हसली, ताई. म्हटलं, या डबेवाल्या बाई इथं कुठं चुकल्या. तुमचं पान तोवर तीनदा वाचलं होतं मी. आवडलं होतं. ते तुमचं असंल असं मनातबी आलं नाही.”

शामलाताईंनी वही बंद केली. दोन माणसं येऊन डबे घेऊन गेली. मग म्हणाल्या, “लागलं मले हे.” वही खिशात घालत पुढं म्हणाल्या, “पण समजलं तरी. तुमचं दुसरं पत्र आलं होतं, त्यातबी अडचणच लिहिली होती. म्हणून उत्तर दिलं नाही. तीन सालात मी एवढंच शिकली, लोकं अडचण म्हणतात तिथं कोणाचा तरी अंगठा असते. मी येतो बोलाले. पण माह्या आधी तू उभी राह्य आन् हे सांग. पूरं सांग.”

बसमध्ये परतताना दामिनीला रडू आलं आणि स्वतःचा रागही आला. संध्याकाळी तिनं अमोल आणि श्वेताला सगळं सांगितलं, शामलाताईंची अटही. अमोलनं डोकं धरलं आणि मग नेहमीसारखा भलेपणावर आला.

“आम्हाले सांगितलं, बस झालं. मंचावर काहून? पुढच्या साली प्रमुख तूच, अन् यादी प्रमुखाजवळच राहणार आहे आता. तीनशे लोकांपुढं हे सांगितल्यावर मी तुझं नाव कोणत्या तोंडानं घेऊ?”

संमेलनाआधीचे आठ दिवस दामिनीनं मन लावून खुर्च्या मोजल्या, माइक तपासले आणि कोणाशी फारशी बोलली नाही.

संमेलनाच्या दिवशी सकाळचं दुसरं भाषण शामलाताईंचं होतं. ओळख करून द्यायला दामिनी मंचावर गेली. समोर तीनशे जण, बरेच ओळखीचे, पहिल्या रांगेत अमोल हाताची घडी घालून. तिनं सांगायला सुरुवात केली. फाइल बिघडली नव्हती, मी नावं बघितली होती, असं म्हणताच मागं कोणीतरी खुदकन हसलं, मग कोणी हसलं नाही. शामलाताईंचं नाव वाचून आपण हसलो, हेही तिनं गाळलं नाही. एकावन्न जणांची माफी मागितली, विक्कीची नाव घेऊन मागितली. टाळ्या वाजल्या नाहीत. तिला त्या नकोच होत्या असं नाही, पण वाजल्या नाहीत.

शामलाताई मंचावर आल्या. त्याच साडीवर तोच स्वेटर. माइक हातात घेतला, त्याच्याकडं नीट बघून घेतलं, आणि लोकांकडं न वळता दामिनीकडं वळल्या.

“एक इचारू का? पुढच्या साली ही यादी कोणाजवळ राहीन?”

प्रश्न साधा होता. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं, जसं बटणाबद्दल घ्यायचं होतं. अमोलनं दामिनीकडं पाहिलं आणि अगदी बारीक मान हलवली, सांभाळून घे म्हणून.

चार वर्षं तिनं ज्या प्रमुखपदाची वाट पाहिली होती ते तिथंच समोर होतं, आणि काहीही गोलमोल बोललं असतं तरी ते तिचंच राहिलं असतं.

“माझ्याजवळ नाही,” दामिनी म्हणाली.

शामलाताईंनी मान डोलावली, आणि बोलायला सुरुवात केली.