भागिरथाबाईंच्या चांदण्या

माझ्या मुठीवरचं रबर सुटत आलंय आणि एक बटण दोनदा दाबल्याशिवाय ऐकत नाही. मित्रांनो, असा मी एक जुना कॅमेरा आहे. शेलूबाजारला धम्मरत्नच्या घरी राहतो.

जन्म दूरच्या कारखान्यात झाला, पण तिथलं मला काही आठवत नाही. जग पाहिलं ते धम्मरत्नच्या गळ्यात लटकून. त्याचा फोटो स्टुडिओ होता. मंगरूळपीर, शिरपूर आणि मधली वीस-पंचवीस गावं आम्ही दोघांनी पालथी घातली. लग्नं, बारशी, शाळेचे निरोप समारंभ, काही सोडलं नाही. "धम्माभाऊच्या कॅमेऱ्यात रडकं पोट्टंही हासते," असं लोक म्हणत. ते ऐकून मला फार बरं वाटे.

मग घरोघरी मोबाइल आले. स्टुडिओत झेरॉक्सचं मशीन आलं आणि मी पिशवीत, घरी कपाटावर गेलो. दोन पावसाळे कुणी पिशवी उघडली नाही. माझ्या काचेवर बुरशी चढली. अंधारात मी नुसता घरातले आवाज ऐकत पडून असे.

त्यात एक आवाज धम्मरत्नच्या आईचा होता. भागिरथाबाईंनी सत्तरी ओलांडली होती. उभा जन्म शेतात राबण्यात गेलेला. रात्रीच्या ओलिताला हातात घड्याळ नसे, तेव्हा चांदण्या पाहून त्या वेळ सांगत. आता संध्याकाळी अंगणात बसल्या की त्यांचं एकच गाऱ्हाणं असे.

"धम्मा, आताशा चांदण्या कमी झाल्या रे. पयले आभाळ कसं गच्च राहे."

"माय, हायवेचे लाइट वाढले ना. त्यायच्या उजेडानं दिसत नाही," धम्मरत्न आतूनच उत्तर देई.

मलाही ते पटलं होतं. पण त्याची बायको पल्लवी शाळेत शिकवायची. ऐकलेली गोष्ट तपासल्याशिवाय सोडायची तिला सवय नव्हती. सासूला ती आत्याबाई म्हणे. एक दिवस म्हणाली, "मंग आत्याबाईले डोंगरावर नेऊ. तिथं कुठं लाइट हायत? अन् कॅमेरा घ्या संग. त्यायच्या चांदण्यायचा फोटो भितीवर लावू."

पिशवी उघडली. माझी काच पाहून धम्मरत्नचा चेहरा उतरला. "अरे, हे काय करून ठेवलं मी तुयं!" असं तो मला म्हणाला. दुसऱ्याच दिवशी अकोल्याच्या कारागिराकडून त्याने मला साफ करून आणलं.

पौषातल्या अमावस्येला आम्ही निघालो. अर्ध्या डोंगरापर्यंत जीप गेली. पुढे भागिरथाबाई सुनेचा हात धरून चढल्या. वारा बोचरा होता. धम्मरत्नने मला तीन पायांच्या स्टॅण्डवर बसवलं, पण आम्ही दोघं पडलो लग्नातली माणसं, झगमगाटात काम करणारी! पहिल्या फोटोत नुसता अंधार आला. दुसऱ्यात धक्का लागला आणि चांदण्यांच्या शेवया झाल्या.

"आत्याबाई, कॅमेरा कोणीकडं फिरवू?" पल्लवीने विचारलं.

"दक्षिणेकडं तोंड कर त्याचं. या वक्ताले तिकांडं वर चढलं असन." मान वर न करताच त्यांनी सांगितलं.

मी वीस सेकंद डोळा उघडा ठेवला. मित्रांनो, आयुष्यभर मी दिव्यांच्या माळा टिपल्या, पण असं काही पाहिलं नव्हतं. बोट ठेवायला जागा नाही इतकं आभाळ भरलं होतं. मधोमध तिकांड्याचे तीन तारे एका ओळीत उभे होते.

"आत्याबाई, वरतं पाहा न! किती हायत!" पल्लवी ओरडलीच.

भागिरथाबाईंनी मान वर केली. डोळे बारीक करून त्या आभाळभर शोधत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "कुठं हायत वं? मले तं चार-दोनच दिसून राह्यल्या. त्याही पिंजलेल्या कापसावानी."

डोंगरावर एकही लाइट नव्हता.

धम्मरत्नने मोबाइलचा उजेड आईच्या चेहऱ्याजवळ नेला. दोन्ही बुबुळांवर दुधी पडदा आला होता. माझ्यातून हजारो चेहरे न्याहाळणाऱ्या त्या माणसाने आईचे डोळे असे कधी पाहिलेच नव्हते.

"माय, तू सांगतलं काहून नाही?"

"काय सांगू बापा? मले वाटलं, आभाळच म्हतारं झालं."

धम्मरत्न तिथेच दगडावर बसला. त्या रात्री पुढे एकही फोटो निघाला नाही.

आठवड्याभरात वाशीमला तपासणी झाली. उजव्या डोळ्याला फार उशीर झाला होता, त्याची नजर काही परत आली नाही. डाव्याचा मोतीबिंदू निघाला आणि तो डोळा उजळला.

फाल्गुनात आम्ही पुन्हा डोंगर चढलो. धम्मरत्नने हौसेने माझ्या पडद्यावरचा फोटो आईपुढे धरला. त्यांनी मला हातानेच बाजूला सारलं. "सरक थोडासा. मले खरंखुरं पाहू दे." मित्रांनो, एवढ्या वर्षांत मला कुणी असं ढकललं नव्हतं, आणि ढकलल्याचा इतका आनंदही कधी झाला नव्हता. त्या एका डोळ्याने आभाळ पाहत राहिल्या आणि सुनेचं बोट धरून एकेक तारा दाखवत गेल्या. त्या वेळचा फोटो आता भिंतीवर आहे. त्यात चांदण्या लख्ख आहेत आणि भागिरथाबाई पुसट, कारण वीस सेकंद त्या काही केल्या स्वस्थ बसेनात.

आम्हा वस्तूंना कोरड्या जागी ठेवा, अधूनमधून बाहेर काढा, हे मी सांगेनच. पण माझी काच पुसून झाली, की आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ जाऊन बसा. त्यांना किती चांदण्या दिसतात ते विचारा. आणि उत्तर ऐकल्यावर घाईने कारण सांगू नका; आधी त्यांच्या डोळ्यांत नीट पाहा.