नेलिदाच्या छपरावरची पेटी

आमच्या गावाला इंटरनेट कुठल्या कंपनीनं दिलेलं नाही. कोर्दोबाच्या डोंगरात मूठभर घरांसाठी कोण तारा ओढत बसणार? तेव्हा लोकांनीच छपरांवर खांब रोवले आणि प्रत्येक खांबावर एकेक पेटी चढवली. पेटी आधीच्या घराकडून हवेतून सिग्नल घेते आणि पुढच्या घराला देते. माझं घर नदीच्या वळणावर. त्यापुढं टेकडी आडवी येते, त्यामुळं वरच्या पाच घरांना माझ्याच छपरावरून सिग्नल मिळायचा. माझी पेटी बंद पडली की वरची पाचही घरं बंद.

ती बसवली माझ्या नवऱ्यानं, ओरासियोनं. बसवून वर्षही झालं नाही आणि हा माणूस देवाघरी निघून गेला. मुलगा फाबियान दूर दक्षिणेला, नेउकेनला. दर रविवारी फोनवर अंगठ्याचं चित्र पाठवतो. मी लिहिते, पाय दुखतोय. तो अंगठा पाठवतो. पाय दुखतोय हे बरं झालं की काय, असं विचारणार होते. पण त्यावरही अंगठाच आला असता.

पहिल्यांदा झालं त्यात माझा काही हात नव्हता. वादळात फ्यूज उडाला आणि माझी दुपारची झोप पुरी व्हायच्या आत मिर्ता दारात उभी. मिर्ता शाळेत शिकवते, वरच्या पाच घरांतलं पहिलं घर तिचं.

"नेलिदाबाई, तुमची पेटी चालू आहे का हो? पोरगी स्पेनहून बोलत होती, मध्येच आ वासून थांबली."

"तुझीच पोरगी ती. तोंड मिटेल कशाला?"

मिर्ता हसली. थोड्या वेळानं आल्दो शिडी घेऊन आला. जन्मभर बस चालवली, आता गावाच्या पेट्या सांभाळतो. फ्यूज बदलून होईतो मी किटली चढवली होती. तिघं अंगणात बसलो. येर्बाचा कडू चहा आम्ही एकाच पोखरलेल्या भोपळ्यातून, एकाच नळीनं, आळीपाळीनं पितो. ओरासियो गेल्यापासून भोपळा मीच भरायची आणि मलाच द्यायची. त्या दिवशी मात्र माझी पाळी यायला वेळ लागला. मिर्ता बोलण्यात गुंग, भोपळा तिच्याच हातात. ते ताटकळणं मला फार आवडलं.

दोन आठवड्यांनी, गुरुवारी, मी खुर्चीवर चढून प्लग काढला. लपवण्यात अर्थ नाही, मीच काढला. पाऊण तासात मिर्ता आली, मागोमाग आल्दो. तो शिडीवर चढेतो मी गुपचूप प्लग परत लावला.

"वर काही बिघाड दिसत नाही," आल्दो म्हणाला.

"तुझं थोबाड पाहून सुधारली असेल. बस, चहा घे."

असे चार गुरुवार गेले. खाली उतरताना आल्दो गुडघा धरायचा, ते मला दिसायचं. लाज वाटायची. तरी बुधवारी मी बेकरीतून खारे क्रिओशो पाव आणून ठेवायचीच.

पाचव्या गुरुवारी प्लग काढला, अंगण झाडलं, तीन खुर्च्या मांडल्या. पाच वाजले, सहा वाजले. पाणी निवलं, परत गरम केलं. कुणी आलं नाही. शुक्रवारी वाटलं, कामात असतील. शनिवारी राग आला, सगळी पाच घरं एकदम मेली की काय? रविवारी काठी घेतली आणि टेकडी चढले.

मिर्ता अंगणातच होती. फोन मगाला टेकवून ठेवलेला आणि त्यात तिची पोरगी खणखणीत बोलत होती.

"अय्या, तुम्ही? या उन्हात?"

"तुझं नेट चालू आहे?" मी विचारलं.

"आता बंदच पडत नाही. आल्दोनं सोमवारी पाण्याच्या टाकीवर नवी पेटी बसवली. एक वाट बंद पडली की सिग्नल आपोआप दुसरीकडून येतो. तुम्हाला कुणी सांगितलं नाही? आम्हालाच वाईट वाटायचं हो. दर गुरुवारी आम्ही तुमच्या उरावर. चहा करा, खायला द्या. या वयात किती त्रास."

"त्रास तर होताच," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

"पण तुमचं बंद आहे का? थांबा, आल्दोला विचारते. त्याला आता घरबसल्या सगळ्या पेट्या दिसतात."

तिनं फोनवर टपटप केलं. मी बसायच्या आत उत्तर आलंसुद्धा. तिनं वाचून दाखवलं, "नेलिदाची पेटी गुरुवारपासून बंद दिसतेय. वीज वाचवत असेल म्हणून विचारलं नाही. प्लग लावायला सांग."

गुरुवारपासून. चार दिवस त्याला दिसत होतं. त्याचं घर माझ्यापासून दोनशे पावलांवर आहे. या चार दिवसांत मी न्हाणीघरात पडून मेले असते, तरी त्याला वीज वाचतेय असंच वाटलं असतं.

"खरंच वीज वाचवताय?" मिर्तानं विचारलं.

"हो. सांग त्याला."

तिनं तेही लिहून टाकलं. मग म्हणाली, "बसा ना, पाणी ठेवते." तेवढ्यात फोनमधून पोरीनं हाक मारली आणि तिची मान तिकडं वळली.

"नको, पोरगी खोळंबलीय," म्हणून मी निघाले.

अर्ध्या उतारावर थांबले. मला एकटं वाटतं, अधूनमधून येत जा, एवढंच सांगायचं होतं. त्यासाठी आल्दोला चार वेळा छपरावर चढवला, पण तोंडानं एकदाही बोलले नाही. आता परत वर जावं आणि सांगून टाकावं असं वाटलं. दोन पावलं गेलेही. वर मायलेकी कशावरून तरी हसत होत्या.

मी खाली उतरले आणि घरी येऊन प्लग लावला.